गाय व्याली, बाई बाळंत झाली

आमच्या घरात गाय व्यायची आणि बाई बाळंत व्हायची, आणि ह्यात कुणी गल्लत केली तर आई हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे बघत राहायची. गाय गाभण, बाई पोटुशी. गाईला पाडी होते, बाईला चेडू, म्हणजे मुलगी. गाईचं सातव्या-आठव्या महिन्यात काही बिनसलं तर ती गाभडली म्हणायचं, सरळ, गोठ्यात उभं राहून, चार माणसांत. बाईच्या बाबतीत मात्र त्याला शब्दच नव्हता. 'राहिलं नाही' एवढं म्हणून बायका चुलीकडे तोंड फिरवायच्या. मला लहानपणी वाटे, शब्द नाही म्हणजे ती गोष्ट फारशी होत नसणार. कुठलं काय.

घर आमचं पेडण्यापासून जरा आत, चिऱ्याचं, बैठं, आणि गोठा स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून. मधे एक जनेल होतं. त्या जनेलातून लाली, म्हणजे आमची तांबडी गाय, तोंड आत घालून भाताच्या पेजेचा वास घेई आणि आई तिच्या नाकावर कुलेर, म्हणजे हातातला चमचा, आपटी, हळूच, लागणार नाही अशी. सकाळी जाग यायची ती तिच्या रवंथाने; भिंतीपलीकडे कुणीतरी सावकाश ओलं गवत दळत बसलंय असा तो आवाज. मग पाववाल्या पोदेराचा भोंगा, मग त्याचे उंडे, काळा चहा. बाबा वास्कोला बंदरात कामाला, ते रविवारी येत आणि झोपून घेत. दादा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. घरी येई तेव्हा भुवयांपर्यंत लाल झालेला असे. दादा माझ्याहून चांगला अकरा वर्षांनी मोठा. मधे इतकं अंतर का, हे मला कधी पडलेलं कोडं नव्हतं. अंतर होतं, बस. त्याचा मला फायदाच होता, कारण तो माझे लाड करायचा.

बारावीनंतर मला पुढे काय करायचंय हे कुणी विचारलं नाही आणि कुणी विचारायची मी वाटही बघितली नाही. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस तयार करायचा एक वर्ग डिचोलीजवळ निघाला होता. मी अर्ज केला आणि मग घरी सांगितलं. आई म्हणाली, "शेण काढूक शाळा कित्याक व्हयी?" मी म्हटलं, शेण काढायला नाही, शेण बघून रोग ओळखायला. ह्यावर ती इतकी हसली की परवानगी मिळाल्यातच जमा झाली. मी मुळातच तोंडाळ. आज ह्या वयातही सुना मला वाद घालायला पुढे करतात, रेशनच्या दुकानात नाहीतर वीजखात्यात.

वर्गात आम्हाला शिकवायला वाळपईचे गावस डॉक्टर होते. उंच, किडकिडीत, तोंडात कायम एक लवंग. पहिल्याच दिवशी ते म्हणाले की डॉक्टरी शब्दांना घाबरायचं नाही, मासळी साफ करतात तसा शब्द धरायचा, डोकं वेगळं, शेपटी वेगळी. 'आयटिस' ही शेपटी, म्हणजे सूज. पुढे 'मास्ट' लावलं की कासेची, म्हणजे मास्टायटिस. 'मेट्र' लावलं की गर्भाशयाची. 'हिपॅट' यकृताची, 'आर्थ्र' सांध्यांची. डोकं बदलत राहायचं, शेपटी तीच. मला हे इतकं आवडलं की मी बसमधून येता-जाता शेपट्या पाठ करायची आणि घरी आल्यावर दिसेल त्याला लावायची. बाबांच्या गुडघ्याला आर्थ्रायटिस, दादाच्या खाजेला डर्मटायटिस, शेजारच्या रुक्मिणकाकीच्या घशाला लॅरिन्जायटिस. रुक्मिणकाकी त्या दिवसापासून मला 'आयटिसबाय' म्हणू लागली. सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सुकं आणि पेज जेवताना मी आईला विचारायची, सांग बघू, नेफ्रायटिस म्हणजे काय, आणि ती म्हणायची, "तुका झालेला आसा ता. डोक्याक."

मला एक गोष्ट मात्र पहिल्यापासून खटकत होती. पुस्तकात गाईला आणि बाईला एकच शब्द होता. गर्भाशय युटेरस, मग ते कुणाचंही असो. वार प्लॅसेंटा. गाभडणं आणि 'राहिलं नाही', दोन्ही ॲबॉर्शन. मी ते वाचलं तेव्हा मला कुणीतरी आमच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं. मी ते आईला सांगितलं नाही.

आता वैनीचं सांगते. दादाची बायको बांद्याकडची. आली तेव्हा जेमतेम विशीची, हसली की दोन्ही हात तोंडावर धरायची कारण पुढचा एक दात थोडा वाकडा होता. मी तिला लगेच माझी करून टाकली. आम्ही दोघी परसात तवशी खात बसायचो, मीठ-मिरची लावून, आणि दादाच्या घोरण्याची नक्कल करायचो. आईचाही तिच्यावर जीव. सासू-सुनेची भांडणं बघायला येणाऱ्या बायका आमच्याकडून निराश होऊन जायच्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते कुणी दुष्टपणाने केलं असतं तर मला समजायला सोपं गेलं असतं.

आमच्या घरची एक रीत होती. गाय व्याली की तिची वार जमिनीवर पडू द्यायची नाही. घरात जिची कूस भरायची आहे, किंवा भरलेली टिकायची आहे, तिने गाईच्या मागे बसायचं, वार उघड्या हातांनी झेलायची, केळीच्या पानात गुंडाळायची आणि परसातल्या फणसाला बांधायची. फणसाला चीक असतो, त्याने गाईला दूध वाढतं. आणि बांधून झालं की हात धुवायच्या आधी ते तसेच ओले हात आपल्या पोटावरून फिरवायचे, पदर बाजूला करून, म्हणजे गाईचं देणं आपल्याकडे येतं. वार झेलणं हा मान होता. तो घरातल्या लाडक्या बाईला मिळे.

लाली आमच्याकडे आली ती पहिलटकर आणि त्याच वर्षी गाभडली. पण पुढल्या खेपेला व्यवस्थित व्याली, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिची वार जरा रेंगाळत पडायची, तुकड्या-तुकड्याने, पण पडायची. वैनीने ती झेलली. मला तो दिवस आठवतो, कारण आईने गूळ आणि जायफळ घालून खरवस केला होता आणि वैनीला पहिला तुकडा दिला होता. वैनी लाजून हसत होती, हात तोंडावर न नेता, कारण हात भरलेले होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी तिला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढे, पहाटे उतरे, आणि उतरताना इतका घाम की अंथरूण पिळून काढावं. कंबर धरायची, सांधे धरायचे. मलेरिया म्हणून रक्त तपासलं, काही निघालं नाही. चार दिवस बरं, पुन्हा ताप. त्यातच तिला दिवस राहिले, आणि राहिले नाहीत. आई आठवडाभर तिच्या उशाशी बसून होती. पुढच्या वर्षी लाली पुन्हा व्याली, आईने वैनीला पुन्हा मान दिला, आता तर जास्तच श्रद्धेने, आणि पुन्हा तेच. ताप, घाम, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. वैनी हसेनाशी झाली. बांद्याहून तिचे वडील आले आणि बाबांशी पडवीत हळू आवाजात बोलून गेले. काय बोलले ते कुणी सांगितलं नाही, पण दादा त्या दिवशी जेवला नाही.

माझा वर्ग सुरू होता तेव्हा वैनीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि लालीही भरत आली होती. आईने दोघींचे महिने बोटांवर मोजून ठेवले होते आणि त्यात तिला शुभ दिसत होतं.

तो शुक्रवार होता. गावस डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं, ब्रुसेलोसिस. म्हणाले, "ह्याला डोकं-शेपटी नाही, कुणा साहेबाच्या नावावरून पडलेला शब्द आहे, तसाच गिळा." मग सांगू लागले. गाय पहिल्या खेपेला शेवटच्या महिन्यांत गाभडते. पुढे नीट विते, त्यामुळे माणसं विसरतात. पण वार अडकते, आणि वारेतून, पाण्यातून, दुधातून जंतू पडत राहतात. मी लिहून घेत होते आणि लाली, लाली असं मनात म्हणत होते, नवा शब्द ओळखीच्या कुणाला लागू झाला की होतो तसा मला आनंदसुद्धा झाला होता. मग त्यांनी दुसरा शब्द लिहिला. झूनोसिस. झू म्हणजे जनावर, नोसिस म्हणजे रोग, जनावराकडून माणसाला होणारा. "माणसाला हा झाला की संध्याकाळी ताप, पहाटे घाम, कंबर, सांधे. मलेरिया समजतात. बाई पोटुशी असली तर मूल जाऊ शकतं. म्हणून वारेला उघड्या हाताने शिवायचं नाही," असं म्हणून ते फळा पुसायला वळले.

माझ्या हातातलं पेन थांबलं. डोळ्यांपुढे फक्त वैनीचे हात, कोपरापर्यंत भरलेले, आणि खरवसाचा तुकडा तिच्या तोंडात घालणारी आई. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. मी विचारलं, "सर, आणि तोच हात पोटावरून फिरवला तर?"

मागच्या बाकावरची मुलं हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, "कुणाचा हात?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, एका दमात. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा बदलत गेला. तोवर मला आशा होती की ते म्हणतील, छे गं, तसं काही नसतं. त्यांनी विचारलं, गाय केव्हा विणार. मी म्हटलं, आज-उद्या. त्यांनी कपाटातून खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे काढून माझ्या पिशवीत कोंबले आणि म्हणाले, जा.

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. डिचोलीहून म्हापशाला पोचेपर्यंत बसमध्ये टोपल्या, कोंबड्या, सुकी मासळी, आणि पेडण्याच्या बसला तर दारात लोंबकळायलाही जागा नाही. मी लोकांना कोपरांनी ढकलत चढले. एका म्हातारीने मला विचारलं, "घरात कोण सिरियस आसा काय गो?" मी हो म्हटलं. वाटेत मी शब्दांची जुळवाजुळव करत होते. ब्रुसेला, प्लॅसेंटा, इन्फेक्शन. हे शब्द आईला सांगायचे आणि तिने ऐकायचं, असं मी ठरवलं होतं.

घरी पोचले तर लाली व्याली होती. पाडी उभी राहून धडपडत होती, रुक्मिणकाकी आणि आणखी दोघी बायका पडवीत, आईच्या हातात हळदकुंकवाची वाटी. वार अर्धी लोंबत होती. आणि वैनी, आता पोट दिसू लागलेलं, गाईच्या मागे पाटावर बसलेली, बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे.

"वैनी, हात लावू नको!" मी फाटकातूनच ओरडले.

आईने वळून बघितलं. "काय झाला गो? असा अभद्रासारख्या काय बोंबलतंस?"

मी धापा टाकत सांगू लागले. जंतू असतात, वारेत असतात, ब्रुसेलोसिस म्हणतात, झूनोसिस म्हणतात. रुक्मिणकाकी म्हणाली, "इली आयटिसबाय," आणि बायका हसल्या. आई हसली नाही, पण तिने वाटीत बोट बुडवलं, वैनीच्या कपाळाला लावायला. माझे सगळे शब्द, डोकी आणि शेपट्या, त्या अंगणात पडून राहिले. कुणी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वैनीने एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे बघितलं आणि हात आणखी पुढे केले, कारण आई सांगत होती आणि आईचा तिच्यावर जीव होता.

तेव्हा मी म्हटलं, "आये, लाली गाभडलेली, म्हायत आसा मा तुका? ताच दुखणा वैनीक झाला. लाली गाभडली, तशी वैनी गाभडली. दोनदा. लालीच्या वारेन."

बाईला तो शब्द आमच्या घरात, आमच्या वाड्यात, मी जन्मल्यापासून कुणी वापरला नव्हता. आई माझ्यापाशी आली आणि तिने मला थोबाडीत मारली. त्याआधी तिने मला कधी मारलं नव्हतं, आणि नंतरही नाही. बायका खाली बघत उभ्या होत्या. तो शब्द मी उच्चारला ह्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आज लिहितानाही वाटत नाही.

वैनी पाटावरून उठली. हातांना अजून काही लागलेलं नव्हतं, तरी ती विहिरीवर गेली आणि कोळंब्याने पाणी ओढून ओढून हात धूत राहिली, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. आम्हाला फक्त पाण्याचा आवाज येत होता. मी हातमोजे चढवले आणि तिच्या जागी बसले. वार पडली ती मी परसाच्या टोकाला खड्डा खणून चुना घालून पुरली. आईने फणसाकडे बघितलं आणि आत गेली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते दवाखान्यातलं आहे आणि दवाखान्यातल्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. गावस डॉक्टर येऊन लालीचं रक्त घेऊन गेले. वर्गात त्यांनी मला ती तपासणी स्वतः करायला लावली. पांढऱ्या फरशीवर रक्ताच्या पाण्याचा थेंब, त्यात गुलाबी औषधाचा थेंब, आणि हलवत राहायचं. निरोगी असेल तर तसंच एकजीव राहतं. माझ्या डोळ्यांदेखत त्यात दाणे धरायला लागले, नासलेल्या दुधासारखे. वैनीच्या रक्ताचा निकाल म्हापशाहून आला तोही तोच. आमचंही सगळ्यांचं तपासलं, ते स्वच्छ निघालं. वैनीला कित्येक आठवडे गोळ्या होत्या, पोटातल्या बाळाला चालतील अशा, आणि प्रत्येक आठवड्याला आम्ही श्वास रोखून बसायचो. लालीला औषध नव्हतं. बाबा म्हणाले, विकून टाकू. मी म्हटलं, म्हणजे दुसऱ्याच्या सुनेला देऊ? मग ती आमच्याकडेच राहिली, एकटी, वेगळ्या गोठ्यात, पुन्हा कधी गाभण न होता. जनेलातून येणारा तिचा रवंथ बंद झाला. ती सकाळची शांतता मला कितीतरी दिवस झोपू देत नसे.

ह्या सगळ्या काळात आई माझ्याशी मोजकंच बोलली. रागाने नव्हे. ती वैनीची उस्तवार करायची, दूध उतू जाईपर्यंत उकळायची, आणि मधेच हातातलं काम सोडून फणसाखाली जाऊन उभी राहायची. मला वाटे, सुनेचं दुःख आपल्या हातून झालं ह्याचा तिला धक्का बसलाय. मी तिला सांगितलंही, आये, तुला काय ठाऊक होतं. ती मान हलवायची.

वैनीला पूर्ण दिवसांची मुलगी झाली. चांगली रडकी, लालबुंद. बाराव्या दिवशी पाळण्यात घालून झाल्यावर बायका पानसुपारी घेऊन गेल्या, वैनी आत झोपली, आणि मी पडवीत नारळाच्या करवंट्या गोळा करत होते. आई भिंतीला टेकून बसली होती, नात मांडीवर. तिने बाळाच्या पायाचा अंगठा धरला होता.

"ह्या जगला," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"तुझ्या दादाच्या पाठीवर माका दोनदा दिवस गेल्ले, रवला नाय. तू मागसून इलंस. सासूबाय माका लय मान देय. दर खेपेक माकाच बसय गाईच्या मागे." ती बाळाकडेच बघत होती. "तेव्हा पण रोज सांजेक ताप येय माका."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दादाच्या आणि माझ्यामधलं ते अंतर, ज्याचा मी फक्त फायदा घेतला होता.

मग आईने मान वर केली आणि ज्या शब्दासाठी तिने मला मारलं होतं तोच शब्द घेऊन मला विचारलं, जसं वर्गात डॉक्टरांना विचारावं तसं, खरोखर उत्तर हवं म्हणून.

"मगे मी पण गाभडलंय काय गो, चेडवा?"

आजीच्या वेळच्या त्या गाई केव्हाच मेल्या होत्या. आईच्या रक्तात इतक्या वर्षांनी काय उरणार होतं. मला शरीराच्या प्रत्येक अवयवाचं नाव तोवर पाठ झालं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "माका म्हायत नाय, आये."

तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि फणसाखाली गेली.